जन्माच्या दाखल्यावर नाव पहिल्याच दिवशी बरोबर पडावं यासाठी गावात काय करता येईल?

खानापूरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत मास्तर आहे. दरवर्षी जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू झाले की तोच घोळ असतो, यंदा जरा जास्तच जाणवला म्हणून इथं लिहायलोय.

परवा एक आजी नातवाला घेऊन आली. पिशवीतनं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला दाखला काढला, घडीवर घडी, मधोमध फाटायला आलेला. पोराचं नाव ज्ञानेश्वर. दाखल्यावर कन्नडमध्ये बरोबर आहे, पण खाली इंग्रजीत जे एन ए असं सुरू होतंय, आणि आधारवर डी एन वाय ए. बापाचं आडनाव दाखल्यावर नाहीच, नुसतं नाव आणि पुढं गावाचं पहिलं अक्षर. आईचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं. म्हणजे एका पोराच्या एका कागदात तीन चुका. आता मी एसएटीएसवर, म्हणजे पोरांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन यादीत, कुठलं नाव भरू? दाखल्याप्रमाणं भरलं तर आधारशी जुळत नाही, आधारप्रमाणं भरलं तर पुढं दहावीला दाखला मागितला की परत बोंब. आजी म्हणाली, मास्तर तुम्हीच काय ते बघा, आमाला काय वाचता येतंय.

वर्गात निम्म्याहून जास्त पोरांचं असंच काहीतरी आहे. परशरामचा परशुराम झालाय, सुनीताच्या इंग्रजीत टी नंतर एच घुसलाय, चव्हाणांची तर एकाच घरात तीन स्पेलिंगं. कन्नड की मराठी हा वाद मला इथं घालायचा नाही, कृपा करून कुणी तिकडं नेऊ नका. कन्नडमध्ये लिहिलेलं बहुतेक वेळा बरोबरच असतंय, चूक होते ती ऐकून लिहिताना आणि इंग्रजीत उतरवताना.

दुसरं म्हणजे मृत्यूची नोंद. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसात काय हाल असतात माहीतच आहे. ओढ्याला पाणी आलं की वाडी तुटते, म्हातारं माणूस घरात गेलं, माती झाली, दिवस झाले, आणि नोंद करायचं कुणाच्या ध्यानातच नाही. दोन वर्षांनी जमिनीला वारस लावायची वेळ आली की मग धावाधाव.

विचारायचं एवढंच, दुरुस्ती कशी करायची हे तर आहेच पण त्याआधी चूक होऊच नये म्हणून शाळेनं, पंचायतीनं, आशा ताईंनी नेमकं कुठं लक्ष घालावं? चूक नक्की कुठल्या टेबलावर होते? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा.

रिटायर्ड_तलाठी

मास्तर, प्रश्न चांगला विचारलात. मी निपाणी-चिकोडी भागात व्हिलेज अकाउंटंट म्हणून नोकरी केली, आपल्याकडे लोक तलाठीच म्हणतात. जन्म-मृत्यूचं रजिस्टर बरीच वर्षं माझ्याच हातात होतं, त्यामुळं यातल्या काही चुका माझ्याही हातनं झाल्यात हे आधीच कबूल करतो.

१९६९ च्या कायद्याप्रमाणं २१ दिवसांच्या आत खबर द्यायची, तिला फी नाही. खबर कुणी द्यायची तर दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर दवाखान्यानं आणि घरी झालं असेल तर घरच्या कर्त्या माणसानं. २१ ते ३० दिवस लेट फी, ३० दिवस ते एक वर्ष वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की पूर्वी कोर्टात जाऊन मॅजिस्ट्रेटची ऑर्डर आणावी लागायची. २०२३ ला कायदा बदलला, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला, आता वर्षावरची नोंद जिल्हाधिकारी किंवा प्रांत, नाहीतर त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी मॅजिस्ट्रेट यांच्या आदेशानं होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्या तारखेपासून पुढं जन्मलेल्या पोरांना शाळा, लायसन, मतदार यादी, पासपोर्ट, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी सगळीकडे जन्मतारखेला हा एकच कागद चालणार. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर निभावून जायचं, तुमच्याच पेनानं मास्तर कितीतरी जणांच्या जन्मतारखा ठरल्या असतील, एक जून लावून. ते दिवस संपले. म्हणून आता पहिली नोंद चुकली की पोर आयुष्यभर भोगणार.

आता चूक कुठं होते ते. खबर देणारा आणि माहिती असणारा हे दोघं वेगळे असतात, मूळ तिथं आहे. बाळंतपण आईचं, माहिती आईला, आणि टेबलासमोर उभा असतो मामा नाहीतर दीर. त्याला वहिनीचं कागदावरचं नाव माहीत नसतंय, घरात जे म्हणतात तेच तो सांगणार. मृत्यूला तर आणखी वाईट. घरात सगळे बाळू आण्णा म्हणायचे म्हणून नोंद बाळू नावानं, आणि उताऱ्यावर बाळाप्पा. वारस लावायला गेलं की हे दोघं एकच कशावरून, आणा पंचनामा, आणा वंशावळ. माझ्या समोर एक पोरगा याच कारणानं दीड वर्ष फिरत होता, शेवटी मीच साक्षीला गेलो.

आणखी एक सांगतो, यावर कुणी बोलत नाही. फॉर्मचा एक भाग दाखल्यासाठी असतो आणि दुसरा आकडेवारीसाठी. दुसऱ्या भागात आईचं शिक्षण, लग्नाच्या वेळचं वय, कितवं मूल, बाळाचं वजन, आणि मृत्यूच्या फॉर्मवर तर मेलेला माणूस तंबाखू ओढायचा का, खायचा का, सुपारी, दारू, किती वर्षं, असं सगळं विचारलंय. आता निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव, घराघरात विडीचं काम, आणि आमच्या रजिस्टरला त्या रकान्यात ओळीनं नाही, नाही, नाही. कारण विचारायचंच नाही, दाखल्यावर ते येत नाही म्हणून लोकही सांगत नाहीत आणि लिहिणाराही घाईत. मी पण तेच केलं. आज वाईट वाटतं, कारण आमच्या भागात छातीच्या आणि तोंडाच्या आजारानं किती माणसं गेली हे सरकारी कागदावरनं कुणाला कधी कळणारच नाही.

दुरुस्तीचं विचारलंत तर १५ कलमाखाली रजिस्ट्रारच करू शकतो, लिहिण्यातली साधी चूक असेल तर तिथल्या तिथं. मोठी चूक असेल तर खरी हकीकत माहीत असलेल्या दोन भरवशाच्या माणसांचं निवेदन लागतं. मूळ नोंद खोडत नाहीत, बाजूच्या समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख करतात. ज्ञानेश्वरच्या आजीला घेऊन तुम्ही स्वतः जा, आईबापाचं आधार आणि लग्नाचा कागद असेल तर तो घेऊन, काम होईल.

वॉर्डातली_ताई

मी बेळगावात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे, कुठल्या दवाखान्यात ते सोडा. मास्तर विचारायलेत की चूक कुठल्या टेबलावर होते, तर पहिली आमच्याच टेबलावर होते, मी रोज बघते.

कसं होतं सांगते. रात्री बाई ॲडमिट होते, कळा सुरू असतात, बरोबरची माणसं घाबरलेली. ॲडमिशनच्या पेपरवर नाव लिहिणारा वॉचमन असू दे नाहीतर ट्रेनी पोरगी असू दे, ऐकू येईल तसं लिहितात. तेच नाव केस पेपरवर, तेच डिस्चार्ज कार्डावर, तेच रिपोर्टच्या फॉर्मवर, आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर बसणारा माणूस त्या फॉर्मवरनं टाइप करतो, त्यानं ना आईला बघितलेलं असतं ना बाळाला. म्हणजे एकदा चुकलं की चार कागदांवर उतरत जातं आणि शेवटी सरकारी शिक्का बसतो.

तारखेचं पण असंच. गेल्या पावसाळ्यात एकीला रात्री १२ वाजून २० मिनिटांनी मुलगी झाली. बाहेर सासू बसलेली, ती सगळ्यांना फोन करून सांगायली सोमवारी रात्री लक्ष्मी आली म्हणून. आपल्यात दिवस उजाडला की बदलतो, त्यामुळं तिच्या हिशोबानं सोमवारच. पण कागदावर मंगळवार पाहिजे. सकाळी नातेवाईक येऊन भांडायले की तारीख चुकवली. मी लेबर रूमचं रजिस्टर उघडून वेळ दाखवली तेव्हा गप्प झाले. पण दर वेळी रजिस्टर उघडून कोण बघणार? घरच्यांनी सांगितलेली तारीख फॉर्मवर गेली की गेली.

माझ्यापुरतं मी काय करते ते सांगते. बाई ॲडमिट झाली की थायी कार्ड, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्यांचं सरकारी कार्ड, आणि नवरा-बायकोचं आधार मागते, आणि एका कोऱ्या कागदावर बापाला स्वतःच्या हातानं लिहायला लावते, स्वतःचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट आडनावासकट, बायकोचं नाव आधारवर आहे तसंच, राहायचं गाव, तालुका. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. लिहिता येत नसेल तर आधारवरनं मी उतरवते. तो कागद फॉर्मला टाचून देते. मग एन्ट्री झाली की डिस्चार्जच्या आधी प्रिंट काढून आईच्या खाटेपाशी जाते आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवते, एक एक अक्षर. व्हरांड्यातल्या भावाला नाही, आईला. पहिल्यांदा पाच बायकांना वाचून दाखवलं त्यातल्या दोघी म्हणाल्या, ताई हे चुकलंय. नुसतं वाचून दाखवायला दोन मिनिटं लागतात हो. तीच दुरुस्ती सहा वर्षांनी करायला गेलं तर मजुरी बुडवून किती खेपा होतात ते मास्तर तुम्ही बघितलंयच.

आणि बाळाच्या नावाची घाई करू नका. बारसं बाराव्या दिवशी, आणि नोंदीच्या वेळी विचारलं की माणसं काहीतरी सांगून मोकळी होतात, मग आत्यानं दुसरंच नाव ठेवलं की बदलायला परत फेरा. बाळाचं नाव न लिहिता पण नोंद होते, कायद्यातच आहे. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत नाव घालायला पैसे पडत नाहीत, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. फक्त विसरू नका. इथं आशा ताई आणि अंगणवाडीचं काम आहे, बाळाला लसीला आणलं की विचारायचं, नाव घातलं काय? नाहीतर बेबी ऑफ सुनीता म्हणून जे राहतं ते शाळेपर्यंत तसंच.

एक शेवटचं, हे लिहिताना जड जातं. बाळ जन्मलं, एकदा रडलं आणि तासाभरात गेलं, तर घरचे म्हणतात कशाला नोंद, आणि कधी कधी आमच्याकडचे पण मेलेलंच जन्मलं म्हणून लिहून टाकतात. ते चूक आहे. एकदा जरी श्वास घेतला तरी ते जिवंत जन्मलेलं बाळ, त्याची जन्माची पण नोंद करायची आणि मृत्यूची पण. त्या आईनं नऊ महिने वाढवलेलं असतं, कागदावर ते बाळ आलंच नव्हतं असं होऊ नये. आणि आकड्यात बघायला गेलं तर किती बाळं पहिल्याच दिवशी जातात हेच दिसत नाही, मग अमुक भागात बाळांचे डॉक्टर द्या, वॉर्मर द्या, असं कुणी कशाच्या जोरावर मागणार?

चंदगडी_गडी

ताई, लय पटलं. माझं सीमेपलीकडचं सांगतो. आम्ही चंदगड तालुक्यातले, जिल्हा कोल्हापूर, पण दवाखाना म्हटलं की बेळगावच, कोल्हापूर लांब पडतंय. माझी दोन्ही पोरं बेळगावात झाली. जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते हे मला माहीतच नव्हतं, मी आमच्या ग्रामपंचायतीत चार हेलपाटे घातले, ग्रामसेवक म्हणतोय इथं नाही होत तुमची, मला वाटलं टाळाटाळ करायलाय. शेवटी बेळगावला गेलो. दाखला कन्नड-इंग्रजी आहे, तो इकडं महाराष्ट्रात शाळेला चालला, इंग्रजीत असल्यामुळं काही अडलं नाही, हे कुणाला शंका असेल म्हणून सांगतोय.

पण थोरल्याच्या वेळी आईबापाचा कायमचा पत्ता म्हणून पण बेळगावच लिहिलंय, आम्ही तिथं मेव्हण्याच्या खोलीवर आठ दिवस होतो तो पत्ता. त्याचा काय तोटा असतो काय? मला तरी आजवर झाला नाही.

रिटायर्ड_तलाठी

गडी, तुम्हाला एकट्याला तोटा नाही, पण तुमच्या गावाला आहे. नोंद जागेवर होते, पण आईचं नेहमीचं राहायचं गाव कुठलं असा वेगळा रकाना मुद्दाम असतो, म्हणजे मग ते जन्म त्या-त्या गावाच्या हिशोबात धरता येतात. तिथं बेळगाव लिहिलं की बेळगावात जन्म फुगतात आणि चंदगडच्या गावात पोरं जन्मतच नाहीत असं दिसतं. उलटं पण होतं. खानापूरची माणसं गोव्याला कामाला, बाळंतपण तिकडं, कुणी साइटवर गेला तर मृत्यूची नोंदही तिकडं. मास्तरांच्या गावात पहिलीला किती पोरं येणार याचा अंदाज रजिस्टरवरनं का लागत नाही त्याचं एक कारण हेच. पत्ता विचारला की खोलीचा सांगू नका, रेशन कार्डावरचं गाव सांगा, एवढं केलं तरी पुष्कळ.

येळ्ळूरची_पोर

सगळं वाचलं, खूप कामाचं आहे. मला एक विचारायचंय. माझी आई घरी जन्मलेली, सुईणीच्या हातनं, नोंदच नाही. आता पासपोर्टला काय करायचं? आणि आजोबा घरी गेले तेव्हा मृत्यूचं कारण म्हातारपण लिहिलंय, ते तसंच ठेवायचं काय?

डॉक्टर_हुक्केरीकर

येळ्ळूरच्या ताई, आईंच्या बाबतीत काळजी नको, एकच कागद चालणार हा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढं जन्मलेल्यांनाच आहे, त्याआधीच्यांना शाळेचा दाखला वगैरे इतर कागद चालतात. तरीही नोंद करायचीच असेल तर आधी रजिस्ट्रारकडून नोंद सापडत नाही असा दाखला घ्या, मग वर तलाठी काकांनी सांगितलंय तसा वरचा आदेश.

कारणाचं मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण हे आम्हा डॉक्टर लोकांचं पाप आहे. देशात २०२० साली जेवढे मृत्यू नोंदले गेले त्यातल्या साधारण २२ टक्क्यांनाच डॉक्टरनं लिहिलेलं कारण होतं. बाकीचे नुसतेच मृत्यू, का झाला ते माहीत नाही. आणि जिथं लिहिलेलं असतं तिथंही पुष्कळदा लिहितात हृदय बंद पडलं, श्वास बंद पडला. अहो मरताना सगळ्यांचंच हृदय बंद पडतं, ते कारण नव्हे. फॉर्मवर तीन ओळी त्यासाठीच दिल्यात. वर लगेचचं कारण, त्याच्या खाली ते कशामुळं झालं, आणि सगळ्यात खाली सुरुवात जिथनं झाली तो आजार. समजा एखाद्याला वीस वर्षं साखर होती, त्यानं किडनी गेली, आणि शेवटी रक्तात जंतू पसरून गेला. तर वर जंतुसंसर्ग, मधे किडनी निकामी, खाली साखरेचा आजार. मोजताना तळातला आजार मोजतात. तो लिहिलाच नाही तर आपल्या तालुक्यात साखरेनं माणसं मरतात हे कधीच दिसणार नाही, आणि डायलिसिसचं मशीन तालुक्याला पाहिजे म्हणून सांगायला आमच्याकडे कागद नसतो.

आता घरी गेलेल्यांचं. लोक नुसता दाखला मागायला येतात, काय झालं होतं विचारलं की म्हणतात, वय झालं होतं डॉक्टर. पण घरात फाईल असते. गोळ्यांची पाकिटं असतात. शेवटच्या आजारपणात ज्या डॉक्टरनं बघितलं होतं त्याच्याकडे ती फाईल घेऊन जा आणि कारण लिहून मागा, घरच्या मृत्यूला पण तसा वेगळा फॉर्म आहे, ४ अ. दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाच्या सर्टिफिकेटची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची हे २०२३ च्या बदलात आलंय, फुकट. मागून घ्या आणि वाचा. नाव आणि वय बरोबर आहे का तेवढं तरी तिथंच बघा.

माझ्या स्वतःच्या वडिलांचं सर्टिफिकेट ज्यांनी लिहिलं त्यांनी हृदय बंद पडलं एवढंच लिहिलं होतं. मी डॉक्टर असून त्या दिवशी बघितलं नाही, महिन्यानं बघितलं. तेव्हापासनं मी एक पण फॉर्म घाईत भरत नाही.

खानापूरचा_मास्तर

सगळ्यांचे मनापासनं आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काका, एक जूनचं लिहिलंत ते बरोबर आहे, माझ्या आधीच्या गुरुजींनी लावलेल्या तारखा अजून जनरल रजिस्टरमध्ये तशाच दिसतात.

आज दुपारी पंचायतीच्या मेंबरांशी आणि आशा ताईंशी बोललो. ठरलंय ते असं की गावात जी गरोदर आहे तिच्या घरी सातव्या महिन्यात आशा ताई जातील तेव्हाच ताईंनी सांगितलेला कागद लिहून घ्यायचा, आधारवरनं, आणि थायी कार्डाच्या आत ठेवून द्यायचा. बाळंतपण बेळगावात होऊ दे, गोव्यात होऊ दे, कागद बरोबर जाणार. आमचे चौथी-पाचवीचे पोर-पोरी कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही वाचतात, दाखला घरी आला की आईला वाचून दाखवायचं काम त्यांना देणार आहे. मृत्यूचं म्हणाल तर पावसाळ्यात वाडीतल्या एका माणसाकडे फोन नंबर देऊन ठेवायचा, कुणी गेलं की दिवसाच्या आत त्यानं आशा ताईंना कळवायचं, ओढा उतरायची वाट बघायची नाही. खबर वेळेत गेली की कागद मागनं येऊ दे. आणि उताऱ्यावरचं नाव बघून मगच नोंदीला नाव सांगायचं, हे मी पंचायतीच्या फळ्यावर लिहून लावणार आहे.

वॉर्डातल्या ताई, तुम्ही बापाकडनं लिहून घेता त्या कागदाचा नमुना इथं टाकाल काय? त्यावर राहायच्या गावाच्या समोर रेशन कार्डाप्रमाणे असं मी वाढवून घेतो.

वॉर्डातली_ताई

टाकते मास्तर, आज नाइट आहे, सकाळी ड्युटी सुटली की कोऱ्या कागदावर काढून फोटो टाकते. वेळेचा पण एक रकाना ठेवते, रात्री १२ नंतरचं बाळ असेल तर तारीख लेबर रूमच्या रजिस्टरवरनं घ्यायची म्हणून. ज्ञानेश्वरचं काय झालं?

खानापूरचा_मास्तर

सोमवारी आजीला आणि त्याच्या आईला घेऊन चाललोय. साक्षीला मी आहे, आणि दुसरी ती सुईण आजी, जिनं पोराला पहिली आंघोळ घातली.